बिनपुंगळीची बंदूक: जी-११

किल्लीवाला:

मिरजेत बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, म्हणायला अजूनही आहे. एचएमटी जनता उघडून तिचं पोट गिऱ्हाईकाला दाखवायची त्यांना भारी हौस. त्यातून मला खोड लागली ती लागलीच. यंत्र आतून बघितल्याशिवाय माझा त्यावर जीव जडत नाही. आजच्या धाग्यातल्या रायफलीशी मात्र उलटी ओळख झाली. आधी ती पडद्यावर भेटली आणि तिचं पोट बघायला मिळेपर्यंत चारपाच वर्षं गेली.

२०११ साल. हॉस्टेलवर रूममेटच्या पीसीवर आम्ही आळीपाळीने 'कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स' खेळायचो. त्यात जी-११ नावाची एक रायफल होती. दिसायला बंदूक कमी आणि खोकं जास्त. ना बाक, ना डौल, ना बाहेर लोंबणारं मॅगझिन. कुणीतरी व्हायोलिनच्या पेटीला पिस्तुलाची मूठ लावून दिल्यासारखी. चाप ओढला की तीन गोळ्या, पण तीन आवाज नाहीत, एकच 'तर्र'. त्या गेममध्ये तिला दोनच जोडण्या मिळायच्या, दोन्ही दुर्बिणी. बाकीच्या बंदुकांना हे लाव ते लाव, आणि ही आपली सोवळ्यात. मला वाटलं, गेमवाल्यांनी कल्पनेने रचलेली दिसते.

ती खरी होती. जर्मनीत ओबर्नडॉर्फ नावाच्या गावात हेक्लर अँड कॉख कंपनीने १९६०च्या दशकाच्या शेवटी तिच्यावर काम सुरू केलं आणि १९९०पर्यंत ते चाललं. वीसेक वर्षं! मागणी अशी होती की सैनिकाचा नेम थोडा हलला तरी गोळी लागण्याची शक्यता वाढली पाहिजे. उपाय निघाला तो असा: एका नेमात तीन गोळ्या, आणि बंदूक हलायच्या आत तिन्ही बाहेर.

म्हणायला सोपं. नेहमीच्या रायफलीत प्रत्येक गोळीमागे बरीच उस्तवार असते. काडतूस पुढे ढकला, कुलूप लावा, उडवा, कुलूप काढा, रिकामी पुंगळी (काडतुसाची दारू जिच्यात भरलेली असते ती पितळेची नळी) ओढून बाहेर फेका, पुढचं काडतूस घ्या. यातलं पुंगळी ओढून फेकणं वगळता आलं तर? मग पुंगळीच नको. डायनामिट नोबेल या कंपनीने गोळीभोवती दारूच ठोकळ्यासारखी घट्ट बसवली. पितळ नाही, काही नाही. ४.७३ मिलिमीटरची गोळी आणि तिच्याभोवती चौकोनी दारूचा ठोकळा. उडवल्यावर मागे उरत काहीच नाही.

आता पोट. काडतुसांचं लांब मॅगझिन नळीच्या वर, नळीला समांतर, पुढून आत सरकवायचं. काडतुसं त्यात नाक खाली करून उभी. नळी आडवी आणि काडतूस उभं, तर ते आत शिरणार कसं? गच्चीवरच्या टाकीचा बॉल व्हॉल्व आठवा. आत एक आरपार भोक असलेला गोळा असतो, दांडा पाव फिरवला की भोक पाइपच्या रेषेत येतं. तसंच इथे. एक दंडगोल आहे, त्यात आरपार भोक. भोक उभं असताना वरून काडतूस त्यात उतरतं, दंडगोल ९० अंशांत फिरतो, भोक नळीच्या रेषेत येतं, धाड. परत फिरतो, पुढचं उतरतं. बंदूक भरायला ओढायचा खटका नाही, डाव्या अंगाला किल्ली आहे आणि ती फिरवायची. घड्याळाला चावी देतात तशी! माझ्या आयडीवरून तुम्ही ओळखलं असेलच की इथे आमचा जीव अडकला.

आणि खरी करामत याच्याही पुढची. नळी, दंडगोल, मॅगझिन हे सगळं मिळून बाहेरच्या खोक्यात मागेपुढे सरकतं. पहिली गोळी सुटली की आतला सगळा संसार मागे निघतो. तो मागच्या टोकाला आपटायच्या आत दुसरी सुटते, तिसरीही सुटते, आणि मग कुठे धक्का खांद्याला पोचतो. मिनिटाला दोन हजारांहून जास्त या वेगाने त्या तीन गोळ्या जातात. पहिलीपासून तिसरीपर्यंत साधारण सहा शतांश सेकंद, पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. खांद्याला धक्क्याची खबर लागेपर्यंत काम होऊन गेलेलं. सलग गोळीबाराला मात्र हीच बंदूक शहाण्यासारखी मिनिटाला साडेचारशेच्या आसपास चालते. एकाच यंत्रात दोन वेग!

वजनाचं गणितही भारी. तिचं एक काडतूस ५.२ ग्रॅमचं, तर नाटोचं ५.५६ मिमीचं बारा ग्रॅमच्या आसपास. बंदुकीसकट साधारण ७.३५ किलोचं ओझं धरलं तर जर्मन सैन्याच्या जुन्या जी-३ रायफलीसोबत १०० गोळ्या नेता यायच्या, अमेरिकी एम-१६सोबत २४० आणि हिच्यासोबत ५१०.

मग गाडं अडलं कुठे? उष्णतेत. पितळेची पुंगळी बाहेर पडताना बरीच उष्णता सोबत घेऊन जाते, हे आपल्या लक्षातच येत नाही. पुंगळी गेली, उष्णता आतच राहिली. तापलेल्या दंडगोलात काडतूस नुसतं बसलं की चाप न ओढताच उडायचं. १९७७ ते ७९ दरम्यान नाटोच्या चाचण्या झाल्या, त्यात याच दुखण्यापायी जी-११ मागे घ्यावी लागली. मग डायनामिट नोबेलने दारूच बदलली. नवी दारू पेट घ्यायला जुनीपेक्षा सुमारे १०० अंश जास्त तापमान मागायची. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जर्मन सैन्याने सुधारलेली आवृत्ती तपासली, पसंतही केली. हजाराच्या आसपास बंदुका बनल्या. आणि मग बर्लिनची भिंत पडली, दोन जर्मनी एक झाले आणि सगळंच बारगळलं.

माझा मुद्दा आता सांगतो. बराकीत न पोचलेली ही बंदूक पडद्यावर मात्र तीस वर्षं नोकरी करतेय. पण पडद्याने घेतला तिचा चेहरा. तिचं गुपित जवळजवळ कुणीच घेतलं नाही.

'डिमॉलिशन मॅन' (१९९३) घ्या. स्टॅलोनचा सिनेमा, गोष्ट २०३२ सालची. वेस्ली स्नाइप्सचा खलनायक संग्रहालयात घुसून तिथली शस्त्रं लुटतो. त्यातली ती भविष्यातली चुंबकीय बंदूक म्हणजे आपली जी-११च, वरून थोडी सजवलेली. तिचं खरं वैशिष्ट्य काय, तर पुंगळी नाही. ते सोडून तिला लोहचुंबक करून टाकलं. गंमत अशी की सिनेमा आला तोवर तिचं सैन्यातलं भविष्य संपलेलं होतं, आणि पडद्यावर ती भविष्यातली म्हणून संग्रहालयात बसली.

'ब्लॅक ऑप्स'ची (२०१०) तऱ्हा उलटी. गोष्ट १९६०च्या दशकातली, बरीचशी १९६८ची. त्या साली ही बंदूक ओबर्नडॉर्फमध्ये फार तर कागदावर असेल. गेममध्ये दिसते ती वीस वर्षांनंतरची. (त्याच गेममध्ये फ्रेंच फामास आणि ऑस्ट्रियन ऑगही आहेत, त्याही १९७०च्या दशकातल्या. म्हणजे एकटी हीच काळ चुकलेली नाही.)

आणि 'फॉलआउट २' (१९९८). अणुयुद्धानंतरचं उजाड जग. त्यात जी-११ आहे, आणि तिला लागतं ४.७ मिमी केसलेस, म्हणजे बिनपुंगळीचं काडतूस. इतर नेहमीच्या काडतुसांचा ढीग खिशात असला तरी हिला काही उपयोग नाही. मला वाटतं, सगळ्यांत हिला ओळखलं ते या गेमने. बंदूक कितीही हुशार असो, तिचा घास वेगळा आहे आणि तो दुसऱ्या कुणाकडे मिळत नाही. खऱ्या आयुष्यातही तिचं दुखणं हेच होतं.

अजून कुठे कुठे पाहिलीत ते लिहा. आणि चुका काढा, मी फौजी नाही, घड्याळजीचा मुलगा आहे.


पिक्सेलपंत:

पहिला! 'जॅग्ड अलायन्स २' विसरलास रे. १९९९चा गेम, भाडोत्री सैनिक घेऊन एका राणीला हटवायचं. त्यात जी-११ हातात आली की माणूस ती वापरायचाच नाही, गोळ्या जपून ठेवायचा. शेवटच्या लढाईसाठी म्हणून. शेवटची लढाई संपायची आणि गोळ्या तशाच. आमची आजी नवीन पातळं अशीच ट्रंकेत ठेवायची.

'फॉलआउट २'मध्ये आणखी एक आहे बघ. व्हिंडिकेटर नावाची मिनीगन (फिरत्या नळ्यांची मशीनगन), तिलाही हीच ४.७ची केसलेस लागते. म्हणजे आधीच मोजका घास, त्यात खाणारं भूत दुसरंच. मी एकदा ती मिनीगन सोबत्याच्या हाती दिली आणि त्याने दोन मिनिटांत माझी पंधरा दिवसांची बचत उडवली.

आणि अलीकडची गंमत. 'गर्ल्स फ्रंटलाइन' नावाचा चिनी मोबाइल गेम आहे. त्यात प्रत्येक बंदूक म्हणजे एक मुलगी. जी-११ कोण, तर ४०४ नावाच्या पथकातली सारखी पेंगणारी, उठवलं तरी न उठणारी पोरगी. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते तोच जाणे, पण वीस वर्षं तयारी करून कामाच्या दिवशी झोपून राहिलेल्या बंदुकीला हे सोंग फिट बसतं.


खडकीचा बाळ्या:

धागा आवडला. आमचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १८६९चा कारखाना, आम्ही एएफके म्हणतो. त्यामुळे पितळेच्या बाजूने दोन शब्द बोलणं भाग आहे.

लोक पुंगळीला डबा समजतात. दारू ठेवायचा डबा, काम झालं की फेकून द्या. तसं नाही ते. पितळेची जाड टिकली घेतात, दाबून तिची वाटी करतात, मग ती ओढत ओढत लांब करतात, मध्येमध्ये भट्टीत नरम करतात. एवढा खटाटोप का, तर पितळ मोक्याच्या क्षणी फुगतं आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतं. वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की परत आकसतं म्हणून ओढून काढता येतं. म्हणजे पुंगळी ही बूचही आहे. वर ती दारूला ओल लागू देत नाही, आणि तुम्ही म्हणता तशी उष्णताही घेऊन जाते. चार माणसांची कामं एकटी करणारी बाई काढून टाकली, की ती चार कामं कुणी करायची हा प्रश्न येतोच. जी-११वाल्यांना ते बूच यंत्रातच बसवावं लागलं असणार, आणि बंदूक घड्याळासारखी झाली ती त्यामुळेच.

वडील म्हणायचे, पितळ महाग आहे पण भांडत नाही.


किल्लीवाला:

@खडकीचा बाळ्या, दंडवत घ्या. 'बूच' हा मुद्दा मी लिहायलाच हवा होता. बिनपुंगळीच्या बंदुकीत मागची बाजू वायूला बंद ठेवणं हे उष्णतेच्या बरोबरीचं दुखणं. 'भांडत नाही' हे वाक्य बाबांना सांगतो, त्यांच्या धंद्यातही चालेल.


जुनी कॅडेट:

मला बंदुकांतलं काही कळत नाही, पण हा धागा वाचून एक संध्याकाळ आठवली.

एनसीसीचा कॅम्प होता, मी अकरावीत. पॉइंट टू टूच्या छोट्या रायफलीने फायरिंग, प्रत्येकीला पाच राउंड. फायरिंग झाल्यावर उस्ताद म्हणाले, खाली खोखे जमा करो, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या. पाच दिल्या तर पाच मोजून परत. आमच्या रांगेत एक खोखा कमी. सगळ्या मुली गवतात गुडघ्यावर बसून शोधतायत, ऊन उतरलं, जेवणाची शिट्टी वाजली, तरी शोधतायत. उस्ताद काठीने गवत बाजूला करत फिरत होते. शेवटी तो एका मुलीच्या दुमडलेल्या बाहीत सापडला. उडून तिथे जाऊन बसला होता आणि तिला चटका बसला तेव्हा ती घाबरून काही बोललीच नव्हती! दंडावर दाण्याएवढा लाल डाग होता.

किल्लीवाला, तुमची ती बंदूक असती तर आम्ही वेळेवर जेवलो असतो. पण मग राउंड खरंच उडवला की खिशात घातला हे उस्तादांना कसं कळलं असतं?


आप्पा फौजी:

@जुनी कॅडेट, ताई, लाख मोलाचा प्रश्न विचारलात. रेंजवर सगळा हिशोब खोख्यावर चालतो. खोखाच नाही तर हवालदाराने सही कशावर करायची?

किल्लीवाला, बाळ, चांगलं लिहिलंस. मी आपल्या फौजेची इन्सास रायफल वापरलेली आहे. आपल्या पुण्याच्या पाषाणच्या एआरडीई या शस्त्र संशोधन संस्थेने बनवलेली. तिच्यातही तीन राउंडचा बर्स्ट आहे. सिंगल नाहीतर तीन, तिसरा पर्याय नाही. पण तुझ्या लेखावरून लक्षात येतं की तो बर्स्ट आणि हा बर्स्ट यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. आमच्या तीन गोळ्या म्हणजे नेहमीच्याच वेगाने तीन. पहिली निशाण्यावर, दुसरी थोडी वर, तिसरी देवाला. म्हणून शिकवण अशी की सिंगल मार, नेम धरून मार. मी सव्वीस वर्षांत बर्स्ट फार कमी मारला.

या जर्मनांनी धक्का खांद्यावर यायच्या आत तिन्ही काढल्या असतील तर ती खरी गोष्ट. नाहीतर तीन गोळ्या म्हणजे दोन वाया.

एक सांग, सफाईला ही उघडायची कशी? रात्री, थंडीत, बोटं बधिर असताना?


शंकेखोर:

लेख छान, पण भिंत पडली आणि बारगळलं हे पटत नाही. इतकी भारी वस्तू कुणी उगाच सोडतं का? मला तर यात अमेरिकेचा हात दिसतो. त्यांच्या ५.५६च्या कारखान्यांचं काय झालं असतं?


पिक्सेलपंत:

आला, आला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.


किल्लीवाला:

@शंकेखोर, अमेरिकेचा हात आहे, पण तुम्ही म्हणता तसा नाही. त्यांनी उलट ही बंदूक स्वतःच तपासायला घेतली होती. १९९० साली जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगला. प्रगत रायफलीसाठी त्यांचा एक कार्यक्रम होता, खर्च सुमारे ३० कोटी डॉलर. त्यात चार उमेदवार. दोघांनी गोळीऐवजी बाणासारख्या सुया उडवणाऱ्या बंदुका आणल्या, कोल्टने एका काडतुसात दोन गोळ्या घातल्या, आणि चौथी जी-११. अट काय होती माहितीये? हातातल्या एम-१६पेक्षा लागण्याचं प्रमाण १०० टक्क्यांनी वाढलं पाहिजे. म्हणजे दुप्पट. चौघांपैकी कुणालाच ते जमलं नाही आणि कार्यक्रम गुंडाळला.

मला विचाराल तर ती अट लिहिणाऱ्यालाच काही बदलायचं नव्हतं. पण हे माझं मत, पुरावा नाही.

@आप्पा, सफाईचं उत्तर मला नीट माहीत नाही म्हणून गप्प बसतो. उघडलेल्या बंदुकीचे फोटो पाहिलेत, तेवढ्यावरून सांगतो की थंडीत मी तरी उघडणार नाही.


कोब्लेन्झचा पाव्हणा:

मी जर्मनीत, कोब्लेन्झजवळ नोकरीला. इथे लुत्झेल भागात जर्मन सैन्याचा युद्धसामग्रीचा संग्रह आहे. बाहेरून जुनी बराक, आत रणगाड्यांपासून बिस्किटाच्या डब्यापर्यंत सगळं खच्चून भरलेलं. सासरे आले की मी त्यांना तिथेच नेतो, कारण ऱ्हाइनचा काठ त्यांना दहा मिनिटांत कंटाळवाणा होतो.

जी-११ काचेआड बघितली आहे. फोटोत कळत नाही पण ती लहान आहे. पाऊण मीटरची. शेजारी जी-३ ठेवली तर ती आजोबांच्या काठीसारखी वाटते. आणि कुठेही खाच नाही, फट नाही. सासरे म्हणाले, "ही इस्त्रीची पेटी कसली?" ते रेल्वेत होते, वस्तूला नाव ठेवायला त्यांना वेळ लागत नाही.

एकीकरणाबद्दल थोडी दुरुस्ती. 'भिंत पडली आणि बारगळलं' हे खरं आहे पण अर्धं. एक, ज्या शत्रूसाठी ही बनत होती तोच राहिला नाही. दोन, पूर्वेकडचा अख्खा अर्धा देश सांभाळायचा खर्च अंगावर आला, नव्या रायफलीला पैसे कुठले? तीन, आणि हे मला सगळ्यांत मोठं वाटतं: नाटोने १९८०मध्येच ५.५६ची गोळी ठरवून टाकली होती. शेजारी लढणाऱ्या मित्राची गोळी आपल्या बंदुकीत चालली पाहिजे, हा त्या सगळ्या संघटनेचा पाया. जी-११ घेतली असती तर जर्मन सैनिक एकटा वेगळ्या पंगतीत बसला असता. तुम्ही 'फॉलआउट'च्या संदर्भात म्हणालात तेच.

कंपनी स्वतःही यात बुडत आली होती. १९९१मध्ये ती ब्रिटिश एरोस्पेसच्या रॉयल ऑर्डनन्सने विकत घेतली. आणि जर्मन सैन्याला अखेर नवी रायफल मिळाली ती १९९७मध्ये, जी-३६. त्याच कंपनीची. ५.५६ची. पितळेच्या पुंगळीची.


खडकीचा बाळ्या:

पितळ +१. 😄


निवांत काकू:

सगळं वाचलं. भाषा छान आहे, बॉल व्हॉल्व वाचून मला पहिल्यांदाच काहीतरी कळलं. पण एक विचारू का, किल्लीवाला? माणसं मारायच्या यंत्राचं इतकं कौतुक करताना हात अडखळत नाही का? 'आमचा जीव अडकला' असं तुम्ही लिहिलंय. घड्याळाबद्दल लिहिलंत तर समजू शकते.


पिक्सेलपंत:

काकू, गेम आहे हो. आम्ही कुणाला मारत नाही.


निवांत काकू:

मी तुम्हाला नाही विचारलं, पंत.


किल्लीवाला:

काकू, अडखळतो. लेख लिहिताना 'लागण्याची शक्यता' असं लिहिलं, तिथे थांबलो होतो. लागण्याची म्हणजे कुणाला, हे मी लिहिलं नाही. यंत्राबद्दल लिहायला लागलं की माणूस आपोआप समोरच्या टोकाकडे बघत नाही, हे तुमचं म्हणणं असेल तर मान्य आहे.

माझ्या बाजूने इतकंच सांगू शकतो की या बंदुकीने, माझ्या माहितीप्रमाणे, कुठलीही लढाई लढली नाही. तिच्याबद्दल जरा मोकळेपणाने लिहू शकलो ते कदाचित त्यामुळेच. इतर एखाद्या रायफलीवर मी असा धागा काढला नसता.


निवांत काकू:

बरं. लिहा पुढे.


ढापण्या:

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). एक शंका: मग बिनपुंगळीची कल्पना तिथेच संपली का? आणि पडद्यावर अशा किती अर्धवट राहिलेल्या बंदुका फिरतायत? मला एक्सएम-८ आठवतेय, २००५-०८च्या सुमारास निम्म्या गेममध्ये होती.


पिक्सेलपंत:

एक्सएम-८ अगदी बरोबर! तीही हेक्लर अँड कॉखचीच. अमेरिकी सैन्याने २००५मध्ये रद्द केली, आणि २००८मध्ये 'बॅटलफील्ड: बॅड कंपनी'त आम्ही ती घेऊन धावत होतो. गेम बनायला तीन-चार वर्षं लागतात. बनवणारे सुरुवातीला मासिकात बघून उद्याची बंदूक म्हणून घेतात, गेम बाजारात येईपर्यंत ती कालची झालेली असते.

रशियाची एएन-९४ पण त्याच जातीची. दोन गोळ्या मिनिटाला १८००च्या वेगाने, धक्का नंतर. म्हणजे जी-११ची गरीब मावसबहीण, पण पुंगळी वापरणारी. ही निदान १९९४मध्ये सैन्यात घेतली तरी गेली, जरी कलाश्निकोव्हला ती हटवू शकली नाही. 'स्टॉकर' गेममध्ये ती आहे, नाव थोडं बदलून. तिथे मी पूर्ण गेम तिच्यावरच काढला.


कोब्लेन्झचा पाव्हणा:

@ढापण्या, कल्पना पुरती मेली नाही. २०००नंतर अमेरिकेने हलक्या शस्त्रांचा एक कार्यक्रम हाती घेतला, त्यात जी-११च्याच दारूचं तंत्र पाया म्हणून घेतलं होतं. पण सोबत दुसरा रस्ता ठेवला: पुंगळी ठेवायची पण प्लास्टिकची. प्लास्टिकवाला रस्ता पुढे गेला, बिनपुंगळीवाला मागे पडला. आणि २०२२मध्ये अमेरिकी सैन्याने जी नवी रायफल निवडली तिच्या काडतुसाचं बूड पोलादाचं आणि अंग पितळेचं आहे. खडकीच्या बाळ्याला परत आनंद होईल.


खडकीचा बाळ्या:

झाला. वडील असते तर पेढे वाटले असते.


शंकेखोर:

म्हणजे पितळवाल्यांची लॉबी.


आप्पा फौजी:

@शंकेखोर, लॉबी नव्हे. फौजेत नवीन वस्तू येते तेव्हा तिच्यासोबत नवीन गोळी, नवीन गोदाम, नवीन हत्यारं, नवीन कारागीर आणि नवीन शिव्या येतात. गोळी बदलणं बंदूक बदलण्यापेक्षा दसपट अवघड. सिनेमात हिरोच्या बंदुकीतल्या गोळ्या संपतच नाहीत, त्यामुळे हा प्रश्न त्यांना पडत नाही.


जुनी कॅडेट:

आप्पा, 'नवीन शिव्या' 😂

किल्लीवाला, तुमच्या बाबांनी ही बंदूक बघितली का? धागाभर त्यांची आठवण काढताय आणि त्यांचं मत कुठेच नाही.


किल्लीवाला:

ताई, हेच आज संध्याकाळी केलं. तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, नाहीतर राहून गेलं असतं.

यंत्र कसं चालतं ते दाखवणारा एक ॲनिमेशन व्हिडिओ आहे, अगदी संथ. बाबा दुकानात टेबलाशी बसलेले, डोळ्याला भिंग तसंच. फोन पुढे धरला. पहिल्यांदा काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा बघताना म्हणाले, "थांबव." दंडगोल फिरतो तिथे. मग परत, "थांबव." असं सात-आठ वेळा. बोटाने काचेवर दात्याची दिशा काढून बघितली.

मग म्हणाले, "कारागीर चांगला आहे. पण लेका, वाळूचा एक कण गेला तर?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं, जरा ऐटीतच दिलं. म्हटलं, बाबा, पुंगळी बाहेर फेकायची नाही ना, त्यामुळे बाजूला भोकच नाही. सगळं बंद. वाळू शिरणार कुठून? हे खरंही आहे. इतर रायफलींना पुंगळी फेकायला खिडकी ठेवावीच लागते आणि धूळ तिथूनच आत जाते. न उडालेलं काडतूस काढून टाकायला हिला खालून छोटी वाट आहे तेवढीच.

बाबांना ते पटलं. मान हलवली. परत एकदा व्हिडिओ पूर्ण बघितला. मग भिंग काढून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "सीलबंद घड्याळं आली तेव्हा कंपनीवाले हेच सांगायचे. धूळ जात नाही, पाणी जात नाही. मग ती बंद पडली की माझ्याकडे यायची. माझ्याकडे पाना नाही, त्यांच्याकडे भाग नाही."

मी विचारलं, मग ही तुम्ही दुरुस्त केली असती का?

"उघडली असती," म्हणाले.


आप्पा फौजी:

त्यांना माझा नमस्कार सांग. आणि थंडीत उघडली असती का, तेही विचार.


किल्लीवाला:

विचारलं, आप्पा. म्हणतायत, शेगडी पेटवून.